टेबल आधी, खुर्ची नंतर

टेबलाची उंची अडीच फूट. दुकानातलं तयार टेबल घ्या, ऑनलाइन मागवा, नाहीतर सुतारापुढे नुसतं ‘कॉम्प्युटरचं टेबल’ एवढंच म्हणा. पंचाहत्तर-शहात्तर सेंटिमीटर हे माप ठरलेलं. जेवणाचं टेबल तेवढंच, मुलांच्या अभ्यासाचं तेवढंच, बँकेतलंही जवळपास तेवढंच. बसणारं माणूस पाच फुटांचं आहे की सहा फुटांचं, हे कुणी विचारत नाही. घरी किंवा लहान ऑफिसात बसून काम करणाऱ्यांची मान अवघडते, खांदे भरून येतात, कंबर धरते. या दुखण्यात खुर्चीचा वाटा आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठा वाटा या अडीच फुटांचा आहे. लोक मात्र पैसे घालतात ते खुर्चीत. टेबल तसंच राहतं आणि दुखणंही तसंच राहतं.

उदाहरणादाखल ओवे घ्या, पनवेल तालुक्यातलं जुनं गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं आणि पुढच्या काही दशकांत या पट्ट्यातल्या भातखाचरांच्या जागी खारघरचे सेक्टर उभे राहिले. २०१६ पासून ओवे पनवेल महानगरपालिकेत आहे. गावाच्या एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे बेलापूर ते ऐरोलीपर्यंतची ऑफिसं. ज्यांच्या आजी-आजोबांनी कमरेत वाकून भाताची लावणी केली, त्या घरांतली मुलं आज बिलिंग करतात, कॉल सेंटरच्या पाळ्या करतात, कोडिंग करतात. मार्च २०२० मध्ये ऑफिसं घरी आली आणि ती पुरती परत गेलीच नाहीत. आता आठवड्यातले काही दिवस तरी बेडच्या कडेवर, सोफ्याच्या कोपऱ्यात किंवा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडणारी घरं प्रत्येक इमारतीत आहेत.

आणि ही घरं मोठी नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी चटई क्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटर होती, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. खारघर-तळोजा भागातली सिडकोची बरीचशी परवडणारी घरं याच मापाच्या आसपासची. तेवढ्या जागेत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि नोकरी असं सगळं बसवायचं. परदेशी मासिकांतल्या चित्रांसारखी कामाची स्वतंत्र खोली इथे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच मापाला महत्त्व येतं. जागा कमी असली की चुकीच्या मापाची वस्तू जास्त दिवस सोसावी लागते, कारण दुसरी ठेवायला जागा नसते.

माप घ्यायला सुतारी टेप पुरते. एका सपाट, कडक स्टुलावर बसा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. घरात चपला घालून काम करत असाल तर मापही चपला घालूनच घ्या. गुडघे काटकोनात येतील एवढी उंची मिळेपर्यंत स्टुलावर उशी किंवा पायाखाली फळी घेऊन जुळवाजुळव करा. खांदे सैल सोडा, दंड अंगालगत लोंबू द्या आणि कोपर काटकोनात वाकवा. आता जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत किती आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत किती, हे दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. पहिला आकडा तुमच्या खुर्चीचा. दुसरा तुमच्या टेबलाचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पाच फूट; पुरुषाची १६५च्या आसपास. पाच फूट उंचीच्या बाईच्या बैठकीची योग्य उंची साधारण ३९-४० सेंटिमीटर येते आणि तिथे बसल्यावर तिचं कोपर जमिनीपासून ६० ते ६२ सेंटिमीटरवर येतं. टेबल ७५वर. मधलं अंतर पाच-सहा इंचांचं.

हे पाच-सहा इंच शरीर कसं भरून काढतं ते बघा. हात टेबलावर पोचवायचे म्हणून ती खांदे वर उचलते. खांदे उचलून धरणारा, मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू तासन् तास आवळलेला राहतो. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही आणि संध्याकाळी मानेच्या मुळाशी गोळा आल्यासारखं दुखतं. हे टाळायला ती खुर्ची वर घेते. कोपर ७५वर यायचं तर बैठक ५४ सेंटिमीटरवर जायला हवी. बाजारातल्या बहुतेक फिरत्या खुर्च्या साधारण ४२ ते ५२ या पट्ट्यात वर-खाली होतात, म्हणजे खुर्ची पूर्ण वर घेऊनही थोडं उरतंच. शिवाय आता तिचे पाय अधांतरी. मांडीच्या खालच्या बाजूला बैठकीची कड रुतते, पायाला मुंग्या येतात. मग ती पुढे सरकून बैठकीच्या टोकावर बसते, म्हणजे पाय निदान टेकतात. पण टोकावर बसल्यावर तिची पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटते. हजारो रुपये देऊन आणलेल्या खुर्चीचा कमरेचा आधार मागे रिकामा राहतो. दोष टेबलाचा, आणि नाव मात्र खुर्चीचं खराब होतं.

उपाय साधा आहे आणि तो सुतारच करून देतो. लाकडी किंवा प्लायच्या टेबलाचे पाय कापता येतात. घरात एकाच टेबलावर दोघं काम करत असतील तर टेबल उंच माणसाच्या कोपराएवढं ठेवावं आणि बुटक्या माणसाच्या पायाखाली काहीतरी द्यावं. साडेपाच फूट उंचीच्या नवऱ्याचं कोपर साधारण ६५ सेंटिमीटरवर येतं. टेबल ६४-६५ केलं, सुतारी मापात सव्वा-साडेपंचवीस इंच, की त्याचे पाय जमिनीवर आणि हात टेबलावर, दोन्ही जमतं. बायकोने खुर्ची तीन-चार सेंटिमीटर वर घ्यायची आणि पायाखाली पाट. देवघरापाशी किंवा माळ्यावर पडलेला लाकडी पाट हे उत्तम पायटेकण आहे. दुकानातलं प्लास्टिकचं तिरकं पायटेकण त्याहून काही वेगळं काम करत नाही. कीबोर्डची जाडी लक्षात घेऊन टेबल कोपराच्या एखाद सेंटिमीटर खाली ठेवलं तर आणखी बरं.

टेबलाच्या वरच्या फळीखाली ड्रॉवर मात्र करून घेऊ नका. सुतार आग्रह करतो, आपल्यालाही सोय वाटते. पण मांडीची जाडी साधारण १५ सेंटिमीटर असते. बैठक ४४वर असेल तर मांडीचा वरचा भाग ५९वर येतो. टेबल ६५वर आणि फळी दोन सेंटिमीटरची, म्हणजे मोकळी जागा जेमतेम चार सेंटिमीटर. तिथे दहा सेंटिमीटरचा ड्रॉवर बसवला की पाय आत जातच नाहीत आणि पुन्हा टेबल वाढवावं लागतं. ड्रॉवर हवा तर बाजूला, जमिनीवर.

भाड्याच्या घरात पाय कापता येत नसतील तर चॅनलवर सरकणारा कीबोर्ड-ट्रे फळीखाली लावता येतो. त्याने हात आठ-दहा सेंटिमीटर खाली येतात. मांडीची जागा इथेही आधी मोजायची. ट्रे एवढा रुंद हवा की माउसही त्यावरच बसेल. कीबोर्ड खाली आणि माउस वर टेबलावर अशी मांडणी उजव्या खांद्याची वाट लावते.

हे अडीच फूट आले कुठून? हाताने लिहिण्याच्या टेबलाचं ते माप आहे. लिहिताना माणूस कागदावर थोडा वाकतो, टेबल कोपराच्या जरा वर असलं तरी चालतं. आणि ते माप बुटातल्या, आपल्यापेक्षा उंच युरोपीय-अमेरिकी पुरुषांवर बेतलेलं. टाइपरायटर आला तेव्हा ऑफिसांना हा फरक कळत होता. टायपिस्टचं टेबल वेगळं असे, सव्वीस-सत्तावीस इंचांचं, कारण यंत्राची उंची त्यावर मिळायची. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढे गावोगावी टायपिंगचे क्लास निघाले, तिथले सर बोटांच्या आधी बसणं शिकवत: पाय टेकलेले, कोपर अंगालगत, मनगट उचललेलं. संगणक आला, टाइपरायटर गेले, आणि त्यांच्यासोबत ते बुटकं टेबलही गेलं. संगणक येऊन बसला साहेबाच्या लिहिण्याच्या टेबलावर. टायपिंगच्या क्लासात शिकलेल्या माणसाकडे जे ज्ञान होतं, ते पुढच्या पिढीकडे आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बसून काम करणाऱ्यांची दुखणी काही संगणकाने आणलेली नाहीत. इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांचं प्रकरण घातलं. त्यांच्या त्रासाची त्याने सांगितलेली कारणं तीन: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. आजच्या डेटा एंट्री ऑपरेटरलाही ती तशीच लागू पडतात. ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव पोलंडच्या वोइचेख यास्त्रझेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये दिलं. शास्त्र म्हणून ते दुसऱ्या महायुद्धानंतर उभं राहिलं. आपल्याकडेही हे काम झालं आहे. मुंबईत शीव इथली केंद्रीय श्रम संस्था, पवईची १९६३ मध्ये स्थापन झालेली ‘निटी’ (२०२३ पासून आयआयएम मुंबई), आयआयटी मुंबईतलं १९६९चं औद्योगिक अभिकल्प केंद्र, या ठिकाणी माणसाच्या मापाचा आणि कामाचा अभ्यास दशकानुदशकं चालू आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांनी १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. मापं उपलब्ध आहेत. ती फर्निचरच्या दुकानापर्यंत पोचलेली नाहीत.

आता लॅपटॉप. त्याचा दोष त्याच्या रचनेतच आहे: स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर ठेवला तर स्क्रीन पोटासमोर येते आणि मान खाली जाते; स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात छातीपर्यंत उचलावे लागतात. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण पाच किलो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हन्सराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रतिमान वापरून हिशेब मांडला: मान १५ अंश पुढे झुकली की मानेच्या मणक्यांवरचा भार १२ किलोच्या घरात जातो, ३० अंशांवर १८ किलो, ४५ला २२ आणि ६० अंशांवर २७. प्रतिमान हे प्रतिमानच, प्रत्येकाच्या मानेत नेमका एवढाच भार येईल असं नाही. पण कल वाढतो तसा भार झपाट्याने वाढतो, एवढं त्यातून स्पष्ट होतं. मोबाइलवर मान घालून बसलेल्यांनाही हाच हिशेब.

म्हणून लॅपटॉपवर रोज दोन तासांहून जास्त काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस घ्यावाच. सगळ्या खर्चात हा पहिला, खुर्चीच्याही आधीचा. काही शे रुपयांत काम होतं. मग लॅपटॉप वीस-पंचवीस सेंटिमीटर उचलून ठेवायचा. त्याला स्टँड नको, जाड पुस्तकांची चळत किंवा भक्कम खोका चालतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. चाळिशी ओलांडलेल्यांनी एक वेगळी गोष्ट पाहायची. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यात जवळचं बघायची काच खाली असते. स्क्रीन उंच असेल तर ती काच वापरायला हनुवटी वर करावी लागते आणि मान मागच्या बाजूने दुखते. त्यांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावी, किंवा संगणकाच्या अंतराचा चष्मा वेगळा करून घ्यावा.

महा ई-सेवा केंद्रात किंवा डीटीपीच्या दुकानात दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. इन्स्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत, म्हणजे उजवा हात आधीच कामात. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळा असतात, त्यामुळे माउस आणखी वीतभर उजवीकडे ढकलला जातो आणि त्यासाठी दंड सारखा बाहेर फेकावा लागतो. आकड्यांचं काम फारसं नसेल तर आकड्यांच्या कळा नसलेला आखूड कीबोर्ड घ्यावा. असेल तर माउस डाव्या हाताने वापरायची सवय करावी. पहिला आठवडा जड जातो, नंतर हात वळतो. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उघडू नयेत. त्याने मनगट वरच्या बाजूला मुडपतं आणि मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब येतो.

खुर्चीकडे आता येऊ. ‘ताठ बस’ हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलं आहे आणि मुलांना सांगतोही. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. आधाराविना बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा वाढतो असं त्यांना आढळलं. १९९९ मध्ये जर्मनीत उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका व्यक्तीच्या कमरेत सूक्ष्म संवेदक बसवून पुन्हा मोजमाप केलं. उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल, आधाराविना सैल बसल्यावर ०.४६, पाठ जाणीवपूर्वक ताठ केल्यावर ०.५५, आणि खुर्चीच्या पाठीवर रेलून सैल बसल्यावर अवघं ०.२७. एकाच माणसावरचा प्रयोग, म्हणून आकड्यांना चिकटून राहू नये. पण दिशा स्पष्ट आहे. ताठ बसायला स्नायू आवळावे लागतात आणि तो आवळ मणक्यावरच येतो. पाठ टेकून, शंभर ते एकशेदहा अंशांच्या कोनात थोडं मागे रेलून बसणं हे जास्त बरं. मुलांना ‘ताठ बस’ सांगण्याऐवजी ‘टेकून बस’ सांगावं आणि टेकायला नीट काहीतरी द्यावं.

खुर्ची घेताना चार गोष्टी बसून पाहाव्यात, चित्र पाहून नव्हे. सर्वांत खाली घेतल्यावर तुमचे पाय टेकतात का. पाठ पूर्ण मागे टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची खळगी यांत दोन-तीन बोटं शिरतात का. पाच फुटांच्या माणसाला ४८-५० सेंटिमीटर खोलीच्या बैठकीत ती शिरत नाहीत आणि मग पाठीला आधार मिळतच नाही. कमरेचा फुगवटा पट्ट्याच्या जागी येतो का. आणि हात टेकायचे दांडे टेबलाच्या फळीला अडून खुर्ची पुढे जायची थांबते का. थांबत असेल तर दांडे काढून टाकलेले बरे. किमतीचा या चारही गोष्टींशी फार संबंध नाही. जुनी लाकडी खुर्ची योग्य उंचीची असेल आणि कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल बांधला तर ती महागड्या पण मोठ्या मापाच्या खुर्चीपेक्षा चांगली.

कोकणची हवा मात्र खर्चाच्या वेळी लक्षात ठेवावी. पनवेलच्या दमटपणात नकली चामड्याचं आवरण टिकत नाही. पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने आतून सुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत खपल्या निघू लागतात. त्यात घाम मुरत नाही, पाठ चिकटते. जाळीची पाठ घ्यावी. टेबलासाठी पार्टिकल बोर्ड टाळावा, कडेने ओल शिरली की तो फुगतो आणि स्क्रू धरत नाही. आयएस ३०३ शिक्क्याचा, पाण्याला टिकणाऱ्या ‘बीडब्ल्यूआर’ दर्जाचा प्लाय कामाच्या टेबलाला पुरतो. आयएस ७१०चा मरीन प्लाय स्वयंपाकघरात ओट्याखाली लागतो, इथे त्याची गरज नाही.

टेबल-खुर्चीला जागाच नसेल तर? जमिनीवर बसून काम करण्यात काही कमीपणा नाही. पेशव्यांच्या फडापासून पेढीवरच्या मुनिमापर्यंत इथले कारकून गादीवर मांडी घालून, पुढे उतरतं डेस्क घेऊन लिहीत आले. मांडी घालून बसलेल्या माणसाचं कोपर बैठकीपासून वीस-बावीस सेंटिमीटरवर असतं. आठ सेंटिमीटरची घट्ट उशी घेतली तर डेस्क २८ ते ३० सेंटिमीटरचं, खालून पोकळ, म्हणजे गुडघे आत जातील. बूड गुडघ्यांपेक्षा उंच असलं की कंबरेचा बाक आपोआप राहतो, उशी त्यासाठी. पाठ भिंतीला, कमरेमागे लोड, आणि स्क्रीन इथेही वर उचललेली. बाजारात मिळणारं घडीचं बेड-टेबल या कामाला बरं आहे, फक्त ते बेडवर न ठेवता जमिनीवर ठेवावं. मऊ गादीवर बूड रुतलं की कोणतंही माप जुळत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र जमिनीचा नाद सोडावा.

खिडकी बाजूला येईल असं बसावं. समोर असेल तर डोळ्यांत उजेड, मागे असेल तर स्क्रीनवर चकाकी. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर नको. स्क्रीनकडे बघताना पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली जातं, त्यात वारा लागला की डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघावं, हा नियम अमेरिकी दृष्टितज्ज्ञ जेफ्री अ‍ॅन्शेल यांनी रूढ केला. खिडकीतून खारघरचा डोंगर दिसत असेल तर त्याकडे बघावं. पावसाळ्यात तर मन भरेपर्यंत.

आणि मापं कितीही अचूक असली तरी उठायला हवंच. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. दाब कमी-जास्त होत राहतो तेव्हा तिच्यात पोषक द्रव झिरपतो, स्पंज दाबून सोडल्यावर पाणी ओढून घेतो तसा. तासन् तास एकाच स्थितीत बसलं की हे येणं-जाणं मंदावतं. अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन येणं पुरतं. फोन आला की उभं राहून बोलावं.

काही खुणा मात्र टेबल-खुर्चीने सुटत नाहीत. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येणं, कंबरेतली कळ गुडघ्याखाली उतरणं, हातातून वस्तू सुटणं, यासाठी डॉक्टरांकडे जावं. दोन्ही पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

घरातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं कामाचं ठिकाण कोणतं, याचा विचार केला तर उत्तर ओटा हेच येतं. बिल्डर तो ८५ सेंटिमीटरच्या आसपास बांधतात. चिरणं-मळणं कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली सोपं जातं. पाच फुटांच्या बाईचं उभं कोपर सुमारे ९६ सेंटिमीटरवर असतं, म्हणजे तिला हा ओटा बेताचा आहे. साडेपाच फुटांच्या मुलीला किंवा मुलाला मात्र तो ठेंगणा पडतो, कंबर वाकते. त्यांच्यासाठी पोळपाटाखाली जाड फळी हवी. घर नव्याने करताना ओट्याची उंची घरातल्या माणसांना उभं करून ठरवावी. एकदा ग्रॅनाइट बसलं की ती बदलत नाही.

उभ्याने काम करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो. १९४८च्या कारखाना अधिनियमातलं कलम ४४ सांगत होतं की ज्या कामगारांना उभं राहून काम करावं लागतं, त्यांना कामाच्या ओघात उसंत मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून कारखान्यात सोय असली पाहिजे. म्हणजे तळोज्याच्या यंत्रावरच्या माणसाचा विचार कायद्याने तेव्हाच केला. दुकानातल्या विक्रेत्यांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात घातला. त्यामागे कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बायकांचा लढा होता. उभं राहून पायांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात, कंबर जाते. गिऱ्हाईक नसतानाही बसायला मिळत नाही म्हणून.

ओव्यात, खारघरमध्ये, पनवेलच्या बाजारात ज्यांचं दुकान आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. काउंटर मीटरभर उंच असेल तर त्यामागे ६५ सेंटिमीटरचं, पाय टेकायला खाली आडवी दांडी असलेलं एक स्टूल ठेवा. त्यावर बसलेली मुलगी गिऱ्हाइकाच्या नजरेच्या पातळीवरच असते, हात काउंटरवर पोचतात आणि उठायला क्षणही लागत नाही. नव्या स्टुलाला दुकानाच्या एका दिवसाच्या कमाईपेक्षा कमी खर्च येतो. कायद्याची वाट न पाहता ते आणा, आणि आणण्याआधी तिची उंची विचारा.